जानकीबाईने आणलेले मांगूर

सावित्रीच्या काठाला, महाडपासून दोन तासांच्या चालीवर जानकीबाईची वाडी. पस्तीस घरं, एक लहानसं बुद्धविहार, आणि पाणी नदीच्या वाळूत. म्हणजे दिवाळी सरली की बाया नदीकडेला वाळू उकरून कोपरभर खोल झरा करायच्या. त्यात पाणी पाझरून यायचं, ते वाटीवाटीने हंड्यात भरायचं. एक हंडा भरेपर्यंत घरी चार भाकऱ्या थापून झाल्या असत्या.

वरच्या गावाला विहीर होती. कायद्याने ती सगळ्यांची होती, आणि तसा बोर्डही होता. पण वाडीच्या बाया गेल्या की नेमकी कुणाची तरी कळशी पुढे असायची, ती भरली की दुसरीची, मग तिसरीची. कोणी वाईट बोलत नव्हतं. बोलतच नव्हतं कोणी, नुसतं भरत राहायचे. दुपार झाली की वाडीच्या बाया रिकामे हंडे घेऊन खाली उतरायच्या आणि म्हणायच्या, आपली वाळू बरी, ती कुणाला पुढे घेत नाय.

सत्याऐंशी साली या वाळूच्या वरच्या अंगाला कारखाना आला. कपड्यांना लावायचे रंग तिथे बनायचे. कारखान्याचा नाला नदीला मिळायचा तो बायांच्या झऱ्यांच्या थोडा वरच. पहिल्या वर्षी नाल्याला गुलाबी पाणी आलं, तेव्हा पोरं खूश झाली, होळी लांबली म्हणून. पुढच्या वर्षी झऱ्याच्या पाण्यात डाळ शिजेना. जानकीबाईची शेजारीण कमळाबाई, तिने डाळ चुलीवर ठेवली, शेतावर जाऊन आली, तरी दाणा टचटचीत. आधी तिने डाळीला शिव्या दिल्या, मग दुकानदाराला, मग सुनेला. पाण्याला शिव्या द्यायचं कुणाच्या मनात यायला आणखी सहा महिने गेले. तोवर पोरांच्या अंगाला खाज सुटली होती.

मग कारखान्याने पाणी साफ करायचा प्लांट बांधला. वरून हुकूम आला होता म्हणे. चार मोठ्या टाक्या, एकीतून दुसरीत पाणी जाणार, वर फेस येणार, तळाला गाळ बसणार, आणि शेवटच्या लहान टाकीतून साफ झालेलं पाणी नाल्याला सुटणार. त्या प्लांटवर झाडलोट करायला बाई पाहिजे होती, आणि जानकीबाईचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. ती लागली कामाला.

शिक्षण म्हणाल तर ती दुसरीत बसली होती. उठवली कधी ते तिला आठवत नव्हतं. पण वाडीतली लिहायची-वाचायची कामं अडली की बाया तिच्याकडेच यायच्या, कारण ती ज्याला लिहिता येतं त्याला पकडून आणायची. तसंच तिने शाळेतल्या गोमाजी गुरुजींना पकडलं आणि अर्ज लिहून घेतला, की कारखान्याच्या पिण्याच्या पाण्याच्या लाइनीवरून वाडीला एक नळ मिळावा. ही लाइन नदीच्या पार वरच्या डोहातून आलेली, स्वच्छ. कारखान्यातले लोक तेच पाणी प्यायचे. अर्जाखाली पस्तीस अंगठे आणि चार सह्या. जानकीबाईने सही केली. ‘जा’ आणि ‘न’ यांच्यामध्ये कागद फाटला, पण सही होती.

अर्ज तिने प्लांटच्या साहेबांच्या हातात दिला. हे साहेब पुण्याचे, तिशीतले, बोलायला गोड. झाडांची त्यांना फार हौस. प्लांटच्या भिंतीला लागून त्यांनी कर्दळी लावल्या होत्या आणि वर पाटी रंगवून घेतली होती, निसर्ग कोपरा. कर्दळीला पाणी मात्र पिण्याच्या लाइनीचं घालायचे, कारण प्लांटचं घातलं तेव्हा तिची पानं काळी पडली होती.

साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, नळ देऊ की. मी स्वतः वर पाठवतो. पण आधी प्लांट पास होऊ दे. अलिबागेहून पाण्याचे मोठे साहेब येणार आहेत, त्यांची खात्री पटली पाहिजे. शेवटच्या टाकीत मासे जगताना दिसले की पटलीच समजा.

आता जानकीबाईच्या वाडीचा नळ माशांच्या जगण्यावर येऊन लटकला.

साहेबांनी मुंबईहून रंगीत मासे मागवले. पिशवीतून आले, लाल, पिवळे, पंख्यासारख्या शेपट्यांचे. सकाळी दहाला शेवटच्या टाकीत सोडले. बाराला पाण्यावर आडवे झाले. प्लांटच्या चाव्या फिरवायचं काम येसाजीकडे होतं. तो पोलादपूरच्या बाजूचा, डोंगरावरच्या कुडपणचा मराठा गडी. टाकीत वाकून बघत तो म्हणाला, “प्रवासाने दमले असतील, साहेब. पडलेत जरा.” साहेब संध्याकाळपर्यंत ते उठायची वाट बघत होते.

मग साहेबांना कोणी तरी सांगितलं, की वाळण कोंडीच्या देवीच्या डोहात मोठमोठाले मासे आहेत, माणसाच्या हातून खातात. त्यातले दोन आणू या, असं ते म्हणाले. येसाजीने हात जोडले. तिथला मासा देवीचा, त्याला आजवर कोणी गळ लावलेला नाही, आणि आपण हात लावला तर कुडपणला आपल्याला कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे करणार नाही, असं त्याने सांगितलं. साहेबांना ते पटलं नाही, पण येसाजीशिवाय चाव्या कोणाला फिरवता येत नव्हत्या, म्हणून त्यांनी पटवून घेतलं.

जानकीबाई झाडता झाडता ऐकत होती. मासे ती माणसांसारखे ओळखायची. कोण कुठल्या पाण्यात राहतो, कोणाला काय सोसतं, कोण कधी गाभोळीला येतो, म्हणजे अंड्यांनी भरतो, सगळं. लहानपणापासून टोपली घेऊन ओहोळात उतरलेली बाई ती. तिने साहेबांना विचारलं, देशी मासे चालतील काय? साहेब म्हणाले, जगले की झालं.

दुसऱ्या दिवशी ती भाताच्या खाचराच्या कडेच्या डबक्यातून पाच मांगूर पकडून डब्यातून घेऊन आली.

मांगूर ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको. काळा, बुळबुळीत, अंगावर खवलं नाहीत, तोंडाला मोठाल्या मिशा. डबकं आटलं तर चिखलात पडून राहतो आणि पुढच्या पावसाची वाट बघतो. घाण पाणी असलं की वर येऊन तोंडाने हवा घेतो आणि परत खाली जातो. पाण्यावाचून त्याचं फारसं अडत नाही. पाणी असलं तर बरं, एवढंच.

साहेब डब्यात बघून म्हणाले, “दिसायला जरा उग्र आहेत हो.”

“उग्र हायत, पण मरायचे नाय.”

आणि मेले नाहीत. महिन्याभरात त्यांच्या मिशा बोटभर वाढल्या. येसाजी आपल्या भाकरीतला तुकडा त्यांना टाकायचा आणि एकेकाला नावाने हाक मारायचा. नावं कारखान्याच्या ऑफिसातल्या लोकांची होती.

कार्तिकात अलिबागचे साहेब आले. टाकीवर वाकले. त्याच वेळी एक मांगूर वर आला, त्याने मिशा हलवल्या, मोठा आ करून हवा घेतली आणि खाली गेला. अलिबागवाल्या साहेबांना फार आनंद झाला. किती तरतरीत मासे आहेत म्हणाले. फोटो काढून घेतला. कर्दळीसुद्धा बघितल्या. चहा घेऊन गेले. प्लांट पास झाला, आणि आपल्या साहेबांनी शब्द दिल्याप्रमाणे वाडीचा अर्ज त्याच दिवशी वर पाठवला. त्या रात्री जानकीबाईने विहारात जास्तीची एक मेणबत्ती लावली. तथागताला कारण सांगितलं नाही.

महिन्याने वाडीला कागद आला. गोमाजी गुरुजींनी तो विहाराच्या पायरीवर बसून वाचला. पहिल्यांदा मनात वाचला, मग मोठ्याने. त्यात असं होतं, की सदर नाल्याच्या पाण्यात मासे उत्तम प्रकारे जगत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले आहे, सबब नदीचे पाणी सुरक्षित असून वाडीस वेगळ्या नळाची आवश्यकता दिसत नाही.

मग कमळाबाई म्हणाली, “म्हंजी आमचा नळ मासळीने खाल्ला. कुठली गो ही मासळी? कोणी आणली ती?”

जानकीबाई पदराने नाक पुसत बसली. सर्दी झाली होती असं नाही.

त्यानंतर दोन महिने ती रोज टाकीपाशी झाडायला जायची आणि त्या मांगरांकडे बघायचीसुद्धा नाही. येसाजीला तिने एकदाच सांगितलं, मी पोरांच्या तोंडचं पाणी काढलं रे माझ्या हाताने. येसाजी म्हणाला, आक्का, तू साहेबाला पाहिजे ते दिलंस. साहेब लोकांना पाहिजे ते देऊ नये, हे मला कळायला दहा वर्षं लागली, तुला दोन महिन्यांत कळलं.

वाडीत त्या हिवाळ्यात जुलाब लागले. कमळाबाईची नात रंगू, आठ वर्षांची, चार दिवस अंथरुणाला खिळली. उठली ती निम्मी होऊन उठली.

माघ महिन्यात साहेबांनी शाळेच्या मुलांची सहल प्लांटवर बोलावली. स्वच्छ पाणी आणि निसर्ग असा विषय होता. अलिबागवाले साहेबही मुद्दाम यायचे होते, कारण जिल्ह्यात असा प्लांट हाच, आणि तो त्यांनीच पास केलेला. गोमाजी गुरुजी चाळीस पोरं ओळीने घेऊन आले, वरच्या गावाची आणि वाडीची मिळून. पोरांना आधी निसर्ग कोपऱ्यात उभं केलं आणि कर्दळ हे झाड आहे असं सांगितलं. पोरं घरी परसात कर्दळीच्या जाळीत लपाछपी खेळणारी, ती बिचारी ऐकून घेत होती. मग पहिली टाकी, दुसरी टाकी, फेस, गाळ. मग शेवटची टाकी.

अलिबागवाले साहेब मुलांना म्हणाले, हा मासा बघा, तो आपल्याला काय सांगतो?

त्यांना हवं होतं ते उत्तर गुरुजींनी वर्गात पाठ करून घेतलं होतं, की मासा सांगतो पाणी स्वच्छ आहे. पण रंगू पुढे उभी होती आणि तिने आत बघितलं होतं.

“मांगूर हाय तो,” रंगू म्हणाली.

“बरं. आणि तो काय सांगतो?”

“तो काय सांगंल? आमच्या मोरीच्या खड्ड्यात पन होता पावसात. आजीने धरला आनि कालवण केलं.”

पोरं हसली. वरच्या गावातला एक पोरगा म्हणाला, आमच्या गोठ्याच्या खड्ड्यात दोन होते. मग पोरांना कंठ फुटला. कोणाच्या शेणखाईत मांगूर, कोणाच्या गटारात मांगूर, कोणाच्या काकाने बादलीत आठ दिवस ठेवलेला, पाणी न बदलता. गुरुजी गप्प बसा म्हणत होते, पण हळू आवाजात म्हणत होते.

अलिबागवाल्या साहेबांनी आपल्या साहेबांकडे बघितलं. आपल्या साहेबांनी येसाजीकडे. येसाजीने आभाळाकडे, घारी होत्या काही. मग सगळ्यांची नजर फिरत फिरत कुंचा घेऊन उभ्या असलेल्या जानकीबाईवर आली. आपल्याला काय ठाऊक, असं म्हणून ती सुटली असती. तिची नोकरी रोजावरची, उद्या येऊ नको म्हटलं की संपली. पण समोर रंगू उभी होती, काडीसारख्या हातांची.

“पोरगी खरं बोलतेय, साहेब,” जानकीबाई म्हणाली. “मांगूर मीच आनले.”

“का?”

“मरू नयेत म्हनून. नळ पाहिजे होता आमाला.”

अलिबागवाले साहेब माणूस वाईट नव्हते. पण तिथे त्यांची स्वतःची सही झाली होती, फोटोही होता. त्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं, की या नदीत असा कुठला मासा आहे, जो खरं सांगेल? जानकीबाई म्हणाली, दांडवण. बोटाएवढी, चांदीसारखी, वाहत्या पाण्यातली. जरा पाणी बिघडलं की पालथी होते. साहेब म्हणाले, ठीक आहे, उद्या मी रायगड बघायला हिरकणीवाडीला जातोय, परवा सकाळी परत येतो. बाई, तुम्ही ती दांडवण घेऊन या. मुलांनाही आणा, गुरुजी. प्रयोग त्यांच्यासमोरच होऊ दे. जगली तर माझा कागद बरोबर. मेली तर मी स्वतः तो फाडतो आणि वाडीला नळ देतो.

एवढं सरळ बोलणं सरकारी माणसाच्या तोंडून वाडीने कधी ऐकलं नव्हतं. आता सगळं दांडवणीच्या मरणावर आलं, आणि दांडवण मरायला कधी मागे राहत नाही.

ते गेल्यावर आपल्या साहेबांनी जानकीबाईला बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, जानकीबाई, तुम्ही मला सांगायचं तरी होतं, कसले मासे ते.

“तुम्ही मासे जगायला पाहिजेत म्हनलात, साहेब. पान्याचं नव्हतं काय बोललात.”

साहेब खिडकीतून कर्दळीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे जानकीबाई वरच्या डोहापाशी गेली, कारखान्याच्या पार वर, जिथे पाणी दगडावरून खळखळतं. टोपलीने बारा दांडवणी धरल्या आणि हंडीत त्याच पाण्यात घेऊन प्लांटवर आली. येसाजी फाटकापाशीच उभा होता. तो म्हणाला, “आक्का, आत जा आनि आधी टाकीत हात घालून बघ. मी काय बोललो नाय.”

तिने हात घातला. रोज त्या पाण्यात हात गेला की चरचरायचा आणि बोटं साबण लागल्यासारखी निसरडी व्हायची. आज काहीच नाही. ओंजळ नाकापाशी नेली, वास नाही. जिभेला लावली. ऑफिसातल्या माठातलं पाणी असायचं तेच. मग तिला कर्दळींच्या मुळाशी मातीत दडवलेली काळी रबरी नळी दिसली, पिण्याच्या लाइनीपासून टाकीच्या तळापर्यंत गेलेली. मांगूर कोपऱ्यात हिरमुसून बसले होते. त्यांना हे पाणी मानवत नसावं.

जानकीबाई टाकीच्या कठड्यावर बसली. आता दांडवण जगणार. जगली की कागद बरोबर, आणि नळ कायमचा गेला. नळी दाखवावी तर ती जोडली येसाजीने, साहेबांच्या हुकमाने, आणि घरी जाणार तो येसाजी, साहेब नव्हे. कुडपणला त्याची चार पोरं. हंडीतलं पाणी उन्हात ठेवलं, चार वेळा हात फिरवला, तर दांडवणी टाकीत जायच्या आधीच अर्ध्या मेल्या असत्या आणि कोणाला कळलंही नसतं. हे तिच्या मनात आलं. हंडी उन्हातच होती. तिने ती उचलली आणि सावलीत ठेवली. कालवणासाठी मासा मारणं वेगळं, आणि खोट्या साक्षीसाठी मारणं वेगळं. एकदा माशांकडून खोटं बोलवून तिने बघितलं होतं.

मुलं आली, गुरुजी आले, अलिबागवाले साहेब रायगड चढल्याने लंगडत आले. जानकीबाईने हंडी टाकीत ओतली. बारा चांदीच्या काड्या पाण्यात पांगल्या, गोळा झाल्या, परत पांगल्या. सगळे घड्याळाकडे बघत होते. पाव तास झाला, अर्धा झाला. एक तास झाला तेव्हा पोरांना बिस्किटं वाटली. दांडवणी खाली टाकीचा तळ टोचत होत्या, जशा काही इथेच जन्मल्या.

अलिबागवाल्या साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी फाइल मागवली आणि कठड्यावर टेकून लिहायला बसले. आपल्या साहेबांनी हळूच घाम पुसला. गुरुजी खाली बघत होते. रंगू जानकीबाईच्या लुगड्याला धरून म्हणाली, आजी, मेल्या का नाय गो?

आणि तेव्हा जानकीबाईला ते सुचलं. आधीपासून योजून ठेवलं होतं असं पुढे लोक म्हणाले, पण तसं नव्हतं. शेगडीवर दूध उतू जाताना हात आपोआप पुढे जातो, तसं तिचं तोंड उघडलं.

“साहेब, मंग हेच पानी द्या आमाला.”

साहेबांनी पेन थांबवलं. “कुठलं?”

“हे. या टाकीतलं. दांडवन जगते म्हंजी मानूस जगंल. या टाकीला पाइप लावा आनि वाडीत सोडा. दुसरा नळ नको आमाला.”

आपल्या साहेबांनी तोंड उघडलं. हे पाणी माणसांना देता येणार नाही असं म्हणावं, तर आत्ताच सिद्ध झालेलं पाणी खोटं ठरतं. हे पाणी ते नाहीच असं म्हणावं, तर ते स्वतःच खोटे ठरतात. त्यांनी तोंड मिटलं. परत उघडलं आणि म्हणाले, “तसं… म्हणजे लोकांची भावना… सांडपाणी म्हटल्यावर वाडीला आवडेल का?”

“आमाला चालंल,” जानकीबाई म्हणाली. “आमी काय काय प्यालोय.”

अलिबागवाले साहेब उठून उभे राहिले. असं कुठे झालं नव्हतं, जिल्ह्यात तर नाहीच. कारखान्याने वापरलेलं पाणी साफ होऊन गावकरी पिणार, आणि तेही स्वतः मागून. त्यांनी येसाजीला विचारलं, पाइप किती लागेल? येसाजीने मान खाली घालून हिशेब केल्यासारखं केलं. खरं तर त्याला हसू आवरत नव्हतं. म्हणाला, पाइप स्टोअरमध्ये आहे साहेब, पंधरा दिवसांत वाडीत नेतो. साहेबांनी फाइलवर तसा हुकूम लिहिला, तारखेसकट. पाइप याच टाकीतून न्यावा, हे दोनदा लिहिलं.

पंधरा दिवसांनी वाडीत विहारासमोर नळ आला. आणि त्या दिवसापासून कारखान्याच्या साहेबांना ती पिण्याच्या लाइनीची नळी काढता येईना. कर्दळींच्या मुळाशी लपवलेली रबरी नळी जाऊन तिथे लोखंडी पाइप बसला, सिमेंटात पक्का. प्लांटचं खरं पाणी शेवटच्या टाकीला वळसा घालून भिंतीमागून थेट नाल्यात जायला लागलं.

नळ आला, पण वाडी पाणी पिईना. गटाराचं पाणी म्हणून बाया हंडा आडवा करून लांब उभ्या राहिल्या. वरच्या गावात हसू झालं, की वाडीवाल्यांनी कारखान्याची मोरी मागून घेतली. जानकीबाईने सगळ्यांसमोर तांब्या भरला आणि घटाघटा प्यायली, एक नाही, तीन तांबे. बाया म्हणाल्या, ती कंपनीची नोकर, ती पिणारच. कमळाबाई तर हंडा उचलून सरळ नदीवर गेली, वाळूतल्या झऱ्याचं देवाघरचं पाणी आणायला, आणि ते रंगूला पाजायला.

खरं सांगितलं की नळ जाणार. नाही सांगितलं तर रंगू पुन्हा आजारी पडणार. आणि कमळाबाईच्या पोटात गोष्ट राहते किती वेळ, तर दारातून चुलीपर्यंत जायला लागेल इतका. जानकीबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नदीवर जाऊन तिने कमळाबाईचा हात धरला, झऱ्यापाशी बसवलं आणि कानात सगळं सांगितलं. नळी, येसाजी, दांडवण, साहेबांचं उघडलेलं तोंड.

कमळाबाईने हातातली वाटी वाळूत ठेवली. मग म्हणाली, “जानके, म्हंजी आमी सायबाच्या माठातलं पितो?”

“व्हय. पन बोललीस तर वाळू हायच.”

कमळाबाईने हंड्यातलं नदीचं पाणी वाळूत ओतून दिलं. ती संध्याकाळी वाडीत घरोघर गेली, म्हणजे जाणारच होती. सकाळी नळावर पस्तीस हंडे लागले. पण वाडीच्या बाहेर ती गोष्ट गेली नाही, त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. आपल्या आयुष्यात कमळाबाईने दाबून ठेवलेली ही एकच गोष्ट, असं तिची सून अजून सांगते.

चैत्रात वरच्या गावाची विहीर तळाला गेली. एका सकाळी बयाबाई, गावच्या पोलीस पाटलाची बायको, दोन कळश्या घेऊन नळापाशी आली आणि कडेला उभी राहिली. बाया भरत होत्या. एकीचा भरला की दुसरीचा, मग तिसरीचा. जानकीबाईने ते बघितलं. तिने नळाखालचा आपला हंडा काढला आणि बयाबाईची कळशी तिथे ठेवली.

“गटाराचं हाय हो पाटलीनबाय,” ती म्हणाली. “चालंल ना?”

बयाबाई म्हणाली, उन्हाळ्यात चालतं.

त्यानंतर तिथे पाहुणे यायला लागले, अलिबागचे, पुण्याचे, एकदा मुंबईचे. सगळ्यांना आधी टाकी, मग दांडवणी, मग वाडीचा नळ. वाडीच्या बाया पदर सावरून ओळीने उभ्या राहायच्या आणि पाणी कसं लागतं विचारलं की न चुकता म्हणायच्या, कारखान्याचंच हाय, लय गोड. जानकीबाईला प्लांटवर कायम केलं. आता शाळेच्या सहली आल्या की दांडवण दाखवायचं काम तिचं. मांगूर येसाजीने परत खाचरात नेऊन सोडले, त्यांना तिथे बरं वाटलं.

मुलांना ती टाकी दाखवायची, मासे दाखवायची, साहेबांनी सांगितलं तेवढं बोलायची. मग साहेब गुरुजींना घेऊन चहाला गेले की पोरांना भिंतीपलीकडे न्यायची, जिथून नाला खाली जातो. तिथे ती जास्त बोलत नसे. नाल्याच्या कडेचे दगड दाखवायची, त्यांच्यावर शेवाळ कसं नाही, बेडूक कसा नाही, कडेच्या अळवाचं पान कसं खालून जळलंय. आणि सांगायची, यात पाय घालायचा नाय, खालच्या नदीत पोहायचं नाय, म्हशी इथे न्यायच्या नाय, पोहायचं तर वरच्या डोहात जा, थोडं लांब हाय पण जा. घरी आईला सांगा. गुरुजींनी विचारलं तर मासा दिसला म्हनून सांगा.

गुरुजींनी कधी विचारलं नाही. ते चहा मुद्दाम हळू प्यायचे.

सहल परत निघाली की नाल्यावरच्या दगडांवरून पलीकडे जावं लागायचं. चाळीस पोरं एकामागे एक, चपला हातात घेऊन, दगड बघून पाय टाकत, दम धरून पलीकडे उडी मारायची, एकाचाही अंगठा पाण्याला लागायचा नाही. फाटकात उभे राहून साहेब पाहुण्यांना दाखवायचे, बघा, खेड्यातली मुलं असून काय शिस्त आहे.